फनॉनची पाटी

मित्रांनो, मी एक जुना शब्द आहे. 'फनॉन' म्हणजे जमिनीतून वर येणारा झरा. माझा जन्म लॅटिन भाषेतला, तिथं मी 'फोंताना' होतो. तहानलेल्या रोमन शिपायांच्या तोंडून मी वेल्समध्ये आलो. शिपाई निघून गेले, मी राहिलो. वेल्श माणसांनी मला आपल्या जिभेवर घडवलं. पुढं कितीतरी राजे आले, त्यांची भाषा आली. मी जागचा हललो नाही!

आमच्या गावात निम्मे लोक जोन्स आडनावाचे. त्यामुळे माणसाला घराच्या नावानं ओळखतात. झऱ्याकाठच्या घरावर माझी दगडी पाटी होती, म्हणून तिथली बाई मेरेरिड फनॉन. तिच्या नवऱ्याच्या थडग्यावरही मीच आहे.

गुडघे थकले तसं मेरेरिडनं घर विकलं आणि ती खाली दुकानाशेजारी राहायला आली. घर घेणारा क्लाइव्ह शहरातला. त्यानं माझी पाटी काढून चुलीच्या राखेत फेकली आणि 'हिल व्ह्यू' अशी चकचकीत इंग्रजी पाटी ठोकली.

"आता मी कोण गं?" मेरेरिडनं दुकानदार नेस्टाला विचारलं. "नुसती जोन्सबाई? अशा ढिगानं आहेत!"

तिचा आवाज ऐकून मला रडू नाही, राग आला.

जानेवारीत क्लाइव्ह कुडकुडत दुकानात आला. "कोळशाची पोती दोनदा मागवली. आली कशी नाहीत?"

"हिल व्ह्यू ना? कोळसेवाला गावभर फिरून परत गेला," नेस्टा म्हणाली. "असलं घर इथं नाहीच, म्हणाला."

कोपऱ्यात बसलेली मेरेरिड गप्प राहू शकली असती. पण तिनं फोन ओढून कोळसेवाल्याला लावला. "एमरिस, क्लाइव्ह फनॉनकडे चार पोती टाक. आत्ता! माणूस गारठलाय."

"काकू, नाव त्याला देऊन टाकलंत? मग तुम्ही कोण?"

"मीही फनॉनच. शेजाऱ्यानं घागर भरली म्हणून झरा आटतो होय?"

दुपारी पोती पोचली. चकचकीत पाटी अजून आहे, वाचत कुणी नाही.

मित्रांनो, मला जपून ठेवा असं मी म्हणणार नाही. कपाटात ठेवलेला शब्द मरतो. मला वापरा, उच्चार चुकला तरी चालेल.

परवा एमरिसचा फोन वाजला. पलीकडचा माणूस अडखळत म्हणाला, "चार पोती हवीत. मी क्लाइव्ह... क्लाइव्ह फनॉन."