देवगाव फाट्यावरचं पिवळं पाणी

देवगाव फाट्यावर मुंजाजीबाबाच्या मांडवात पाय ठेवायला जागा नव्हती. बाबा रोग्याच्या तळहातांना ओला लेप चोळायचा, चुन्याच्या निवळीत ते हात धुवायचा आणि पाणी पिवळंजर्द व्हायचं.

"बघा, लिवरचं जहर उतरायलंय," बाबा सांगायचा. "मशीनवाल्यांच्या फोटोतून निघतंय का असलं?"

मी उत्तरा, पाथरीची निवृत्त शिक्षिका. माझ्या यकृतात कर्करोगाची गाठ आहे आणि सोमवारपासून किरणोपचार सुरू व्हायचे होते. डॉक्टरांनी दोन स्कॅन दाखवले होते. एकात गाठ, दुसऱ्यात यकृताचा कोणता भाग अजून नीट काम करतो ते. किरण थकलेल्या बाजूने नेऊ, चांगली बाजू राखू, असं ते म्हणाले. मला पटलं होतं. पण नवरा गेल्यापासून सोबतीला एकच माणूस उरलं होतं, धाकटे दीर बन्सीधर.

"वैनी, मशीन सगळं लिवर जाळतंय. आदी बाबाकडं चला, न्हाईतर मी दवाखान्यात येत न्हाई."

एकटी पडायच्या भीतीनं मी आले. माझी पाळी आली तेव्हा लेपाचा वास ओळखीचा वाटला, म्हणून तो लागायच्या आधीच मी हात निवळीत घातले. पाणी जसंच्या तसं राहिलं.

"आदी मंतरलेला लेप लागतो, बाई," बाबा गुरकावला.

"मग यांना लावा. यांना काहीच आजार नाही." मी भाऊजींना पुढे केलं.

सगळे बघत होते, बाबाला लावावाच लागला. पाणी पिवळं झालं.

"यांना बी आतला रोग हाय."

"तुमची बोटंही पिवळी आहेत, बाबा. तुमची कावीळ कोण उतरवतंय?"

लोक हसले. तो लेप आंब्याच्या झाडाच्या वाटलेल्या सालीचा होता, शाळेत मुलांना हा प्रयोग मी दाखवायचे. सालीचा रस चुन्याला लागला की कुणाच्याही हातांवर पिवळा होतो, हे मी सगळ्यांना सांगितलं. निम्मे उठले, निम्मे रांगेतच थांबले.

"चारचौघांत माझी शोभा केली, वैनी," एवढंच बोलून भाऊजी निघून गेले.

सोमवारी मी एसटीने एकटीच गेले. श्वासाबरोबर यकृत हलतं, म्हणून किरण सोडण्याआधी त्यांनी पुन्हा फोटो काढून गाठीची जागा तपासली. माझा चांगला भाग कुणीतरी इतका जपतंय, याचं रडू आलं. बाहेर बाकावर सगळ्यांची माणसं बसली होती.

तुमच्या घरात कुणी असं आजारी असेल तर पिवळ्या पाण्यावर विसंबू नका. स्कॅनमध्ये काय दिसतं ते डॉक्टरांना विचारा. आणि त्या आजारी माणसासोबत दवाखान्यात जा.