हळदीच्या पोस्टरवरचे शुभेच्छुक

मित्रांनो, सध्या मी कुरुंद्याला केशरबाईंच्या ओसरीत टांगलेला असतो. माझा एक कोपरा फाटलाय, पाठीवर पिवळे डाग पडलेत, आणि मला दोन्हींचा भारी तोरा आहे. मी एक जुना पोस्टर. हळदीचे दोनच हंगाम पाहिलेत म्हणा, पण आम्हा फ्लेक्सच्या जातीत एवढं वय म्हणजे आजोबाच! माझे भाऊबंद वाढदिवस उरकला की दुसऱ्याच दिवशी कडब्याच्या गंजीवर जाऊन पडतात.

मला बनवून घेतलं कनीजनं. ही कुरुंद्याची पोरगी वसमतच्या कॉलेजात बी.एस्सी. शिकते. शिजवलेली हळद कशी वाळवली म्हणजे रंग चांगला येतो, हे तिनं एक अख्खा हंगाम तपासलं. तिच्या आळीतल्या केशरबाई हळद सरळ मातीवर वाळत घालायच्या. रूपाबाई ताडपत्रीवर घालायच्या. यास्मीनखाला ताडपत्रीवर तर घालायच्याच, वर दिवस कलला की झाकूनही ठेवायच्या, रात्रीचं दहिवर लागू नये म्हणून. कनीजनं तिघींची हळद प्रयोगशाळेत नेऊन रंग मोजला. यास्मीनखालांची पिवळीधमक निघाली, केशरबाईंची सगळ्यात फिकी. माझ्या अंगावरचं शास्त्र एवढंच.

पण कनीजच्या जिवाला घोर होता तो वेगळाच. आदल्या वर्षी हिंगोलीच्या चर्चासत्रातल्या पोस्टर स्पर्धेत परीक्षक तिच्यापुढं उभे राहिले आणि तिची वाचाच बसली. पाठ केलेलं सगळं पार उडून गेलं. परीक्षक 'बरं, बरं' म्हणत पुढं सरकले. मग काय, वर्गात तिचं नावच पडलं 'मुका पोस्टर'. त्या वर्षी तिनं तिच्या अनुश्री मॅडमना सांगूनच टाकलं होतं, "मॅडम, या वक्ताला बोलता न्हाई आलं, तर पुन्हा मला या भानगडीत घालू नका."

माझा जन्म वसमतला आतिफभाईच्या दुकानात झाला. कनीजनं त्याला सगळा मजकूर पाठवला, सोबत तिघींचे फोटो पाठवले आणि लिहिलं, 'खाली यांचे आभार टाका.' आतिफभाईचा हात सफाईदार, पण उभा जन्म गेलाय वाढदिवसांचे फ्लेक्स काढण्यात! फोटो आले की त्याचा हात आपोआप चालतो. तिघी सोनेरी काठाच्या गोलांत बसल्या. वर ठळक अक्षरांत आलं 'शुभेच्छुक'. केशरबाईंच्या नावाआधी 'आदरणीय' लागलं आणि दोन्ही कोपऱ्यांत गुलाबाची फुलं उधळली गेली. यंत्रातून बाहेर आलो तेव्हा मी स्वतःवरच खूश होतो. नवरदेव काय दिसेल असा दिसत होतो!

मला ऐनवेळी गुंडाळून कनीजच्या हातात दिलं, त्यामुळं तिनं मला उघडलं ते थेट हिंगोलीच्या सभागृहात.

"या अल्लाह!" ती मटकन खाली बसली.

शेजारच्या पोस्टरवाल्या पोरी फिदीफिदी हसायला लागल्या. कनीजनं तिथूनच आतिफभाईला फोन लावला.

"काहून रागावून राहिलीस?" तो म्हणाला. "आभारच तर म्हन्लं होतं ना तू? बराबर टाकले की. फुलं तर म्या आपल्या मनानं टाकली."

आता बोला! मला फार वाईट वाटलं. माझा जन्मच चुकला, असं वाटलं. कनीजनं कुठूनसा कोरा कागद आणला, चिकटपट्टी फाडली आणि माझी खालची रांग झाकायला निघाली. तेवढ्यात दारातून खणखणीत आवाज आला, "अगं बया! ही तर मीच हाये की!"

केशरबाई! रूपाबाई आणि यास्मीनखालांना घेऊन सकाळच्या एसटीनं पोरीचं कौतुक बघायला आल्या होत्या. यास्मीनखाला आपल्या फोटोकडं बघून पदराआड लाजल्या. रूपाबाईंनी फुलांवरून बोट फिरवून बघितलं. केशरबाईंची नजर मात्र कनीजच्या हातातल्या कागदावर गेली.

"झाकून काहून राहिली गं? माझी हळद फिकी निघाली, चोरी न्हाई केली म्या!"

कनीजनं कागद खाली घेतला. आणि नेमके तेव्हाच परीक्षक समोर आले. पांढऱ्या केसांचे, चष्मा नाकावर. त्यांनी मला वरून खाली वाचलं आणि केशरबाईंच्या फोटोवर बोट ठेवलं. "या कोण? वाढदिवस कुणाचा आहे?"

सगळे हसले. कनीजनं माझी कड घट्ट धरली. मी मनात म्हटलं, झालं, गेलं हेही वर्ष! तोच केशरबाईंनी तिला मागून कोपरानं ढोसलं.

"सर... या केशरमावशी," कनीज म्हणाली. "यांची हळद मातीवर वाळलेली. हा पहिला नमुना."

आणि मित्रांनो, गाडी जी सुटली! पाठ केलेलं एक अक्षर तिला आठवलं नाही आणि त्याची गरजही पडली नाही. एकेका फोटोवर बोट ठेवून, शेजारणीची गोष्ट शेजारणीला सांगावी तसं तिनं सगळं सांगितलं. परीक्षकांनी विचारलं, "तिघींची हळदच मुळात वेगळी असेल तर?"

"न्हाई ना सर! बेणं एकच, शिजवली हळदीच्या एकाच मोठ्या कुकरात. आळी एकच, तर ऊनबी एकच. वाळवणं तेवढं वेगळं."

"शाब्बास!" परीक्षक म्हणाले. केशरबाईंनी मागून भर घातली, "सायेब, आता म्याबी ताडपत्री घेतली बरं का!"

फुलांपायी मांडणीचे गुण कापले गेले, तरी कनीजचा दुसरा नंबर आला. मला तर आनंदानं भिंतीवरून उडी मारावीशी वाटली. पुढच्या फेरीला नांदेडला मात्र मला नेलं नाही. माझा एक साधासुधा, बिनफुलांचा भाऊ छापला आणि तो गेला. थोडं लागलं मनाला, खोटं कशाला बोलू? पण मला केशरबाईंनी हक्कानं मागून घेतलं आणि ओसरीत मानानं टांगलं. येणाऱ्याजाणाऱ्याला त्या आधी मला दाखवायच्या, मग पाणी विचारायच्या.

मग हळद वाळायच्या दिवसांत एका दुपारी अचानक काळंभोर आभाळ भरून आलं. केशरबाईंची हळद नव्या ताडपत्रीवर पसरलेली, पण वरून झाकायला काही नव्हतं. त्यांनी माझ्याकडं बघितलं आणि घुटमळल्या. "याला कसं घेऊ माय? याच्यावर आपली तोंडं हायेत."

"मावशी, हळद झाका म्हणून सांगायलाच तर केलाय त्याला!" कनीज पळत आली आणि तिनं मला खसकन ओढलं. तेव्हाच माझा कोपरा फाटला. पुढच्या क्षणी मी हळदीवर आडवा पडलेला होतो आणि ती मुकी पोरगी अख्ख्या आळीला ऐकू जाईल अशी ओरडत होती, "खाला, झाका! रूपामावशी, झाका लवकर!" टपोरे थेंब माझ्या तोंडावर ताडताड पडत होते. खाली हळद कोरडी होती. माझ्या पाठीचे डाग तेव्हाचे.

म्हणून म्हणतो मित्रांनो, तुम्ही मेहनतीनं केलेला पोस्टर बक्षीस मिळालं की गुंडाळून माळ्यावर टाकू नका. त्याला चार लोकांत ठेवा, आणि आभाळ आलं तर खुशाल ओढून काढा. फाटलो तर फाटलो! फक्त तोंड वर ठेवा, म्हणजे आमच्या शुभेच्छुकांना सगळं दिसत राहील.