भिंतीची चिमूट

इजिप्तमधल्या राजांच्या दरीत पहारा देता देता म्हाताऱ्या बसतावीला एकतीस वर्षं झाली होती, आणि एवढ्या काळात आपल्या ताब्यातल्या थडग्याला त्याने कुणाचं नख लागू दिलं नव्हतं. मूल होत नाही म्हणून आसपासच्या गावांतल्या बायका यायच्या, राजाच्या दगडी पेटीभोवती सात फेऱ्या घालायच्या. कुणी हळूच भिंत खरवडायला गेली की हा अंगावर धावायचा. ती पूड पाण्यातून घेतली की कूस उजवते म्हणे! कूस उजवते, कपाळ! त्या मेल्या राजाचं स्वतःचं पोर तरी जगलं होतं का?

आज सकाळी मात्र थडग्याच्या दारात त्याचीच लेक उभी होती. रडून रडून वहीबाचे डोळे सुजले होते.

"बाबा, शुक्रवारी ते दुसरी बायको आणतायत. सासूने मुलगी ठरवलीसुद्धा."

"आणि या दगडांनी ते लग्न मोडणार आहे होय?"

"इथे जाऊन आले तर रमजानपर्यंत थांबेन म्हणते ती. बाबा, पाया पडते तुमच्या."

बसतावीने वाटेकडे पाहिलं. अजून कुणी आलं नव्हतं. त्याने कमरेची किल्ली काढली, दार उघडलं आणि रीतीप्रमाणे तो पाठ फिरवून बाहेर बसला. बाई फेऱ्या घालते तेव्हा पुरुषाने आत पाहायचं नसतं, मग ती पोटची पोर का असेना. वहीबा बाहेर आली ती मूठ आवळून, ओढणी सावरत, न बोलता चालती झाली. त्या मुठीकडे त्याने पाहून न पाहिल्यासारखं केलं. तेच चुकलं.

दुपारी पुरातत्त्व खात्याच्या तपासनीस मेर्वतबाई आल्या. त्याच्या लेकीच्याच वयाच्या. पेटीमागच्या भिंतीपाशी त्यांनी बॅटरी धरली आणि बसतावीच्या तोंडचं पाणी पळालं. भिंतीवरच्या चित्रातल्या देवीच्या पायाशी बोटभर ताजा ओरखडा पांढराफटक दिसत होता.

"काका, कोण आलं होतं?"

"कुणी नाही."

"ही बाईचीच करणी आहे, मला कळतं. नाव सांगा, तुमच्या नोकरीला धक्का लागू देणार नाही."

नाव सांगायचं म्हणजे पोलीस वहीबाच्या सासरी जाणार. मग शुक्रवार कशाला, आजच घटस्फोट. बसतावी भिंतीकडे बघत राहिला.

"मी खरवडलं, बाई."

"तुम्ही? एकतीस वर्षांनंतर?"

"हो, मीच."

मेर्वतबाईंनी त्याच्या स्वच्छ नखांकडे पाहिलं. मग त्यांनी हात पुढे केला आणि त्याने किल्ली त्यांच्या हातावर ठेवली.

उन्हातून पाय ओढत तो घरी आला तर वहीबा उंबऱ्यातच बसलेली. ओढणीच्या टोकाला गाठ होती.

"बाबा, ही पूड माझ्या डोळ्यांदेखत पी, म्हणाली होती सासू. पण सासरी जायला माझं पाऊलच उचललं नाही हो. तुमच्याच भिंतीला हात घातला मी. ही घ्या, परत लावून टाका. आत्ता जा, कुणाला कळायच्या आत."

तिने गाठ सोडायला घेतली. बसतावीने तिचा हात धरला आणि गाठ पुन्हा घट्ट आवळली.

"ऊठ. तुझ्या सासूकडे जाऊ. तिच्यासमोर पी, मी शेजारी बसतो."

"आणि दरीतला पहारा?"

बसतावीचा हात सवयीने कमरेकडे गेला.

"आज सुट्टी आहे मला," तो म्हणाला.