पाणी न पिणारे लंगोट

सगळ्या जगाचं कापड धुणाऱ्या माणसाच्या घरी त्याच्याच लेकरांचे लंगोट कोण धुतं? प्रश्न साधा आहे, पण मंडळी, उत्तर द्यायला गेलात की अडखळाल. धुणं हा धंदा असला की पुरुष मिशीला पीळ देऊन करतो. तेच घरातलं असलं की आपोआप बाईचं होतं. कुणी ठरवलं, कधी ठरवलं, विचारलं तर सगळे आढ्याकडं बघतात.

आपला हा गडी एका मोठ्या लॉन्ड्रीत कामाला होता. दोन हॉटेलांचं आणि एका दवाखान्याचं सगळं कापड तिथं यायचं. अकरा वर्षं तो मशीनवर. इस्त्रीची घडी अशी घालायचा की तिच्या कडेनं दाढी करून घ्यावी, म्हणून सगळे त्याला कडकराव म्हणत. चादरीवरचा डाग लांबून बघून सांगायचा, हा चहाचा, हा शाईचा, आणि हा कुणीतरी लपवायला बघितलाय म्हणून पसरला. पण घरी आला की पायातला मोजा काढला तिथंच टाकायचा. मोजा आपल्या पायानं बादलीत जात असावा अशी त्याची समजूत.

घरात दोन लेकरं, थोरली आणि धाकटा. थोरली म्हणजे केवढी? तर वीस महिन्यांची. धाकटा जेमतेम एकोणीस दिवसांचा. दोघंही विकतच्या डायपरमध्ये. ते डायपर वाईट असतात असं नाही, पण यांच्या घरी एकच बांधला की सकाळची दुपार व्हायची. बदलायला उठायचं कुणी? आईचे टाके अजून ओले. बाप लॉन्ड्रीत. शेवटी धाकट्याचं ढुंगण लालभडक झालं. हात लावला की पोर असं किंचाळायचं की शेजारचा कंडक्टर भिंतीवर टकटक करून विचारायचा, सगळं बरंय ना.

बाळंतिणींना बघायला घरोघर फिरणारी नर्स आली. तिनं बघितलं आणि सांगितलं, काही दिवस सुती कापड बांधा, ओलं झालं की लगेच बदला, थोडा वेळ उघडं ठेवा. पंधरा दिवसांनी येते, तोवर उतरलं नाही तर मोठ्या डॉक्टरांकडं न्यावं लागेल. एवढ्याशा जिवाला मोठा डॉक्टर म्हटल्यावर आईनं त्याच संध्याकाळी नवऱ्याला कापड आणायला सांगितलं.

लॉन्ड्रीच्या मालकाला विचारून कडकरावानं हॉटेलच्या जुन्या सुती चादरी आणल्या. धुऊन धुऊन विरलेल्या, हाताला रेशमासारख्या. बायकोनं बसल्या बसल्या कातरल्या, कडा दुमडल्या. धाकट्याचे लहान तुकडे, तिकोनी घडीचे. ती पहिला लंगोट बांधत होती तर थोरली कंबरेवर हात ठेवून बघत उभी. बघता बघता तिनं स्वतःचा डायपर ओढून फेकला आणि "मला! मला!" करत त्या कापडाच्या ढिगावर जाऊन बसली. बाळाला मिळालं आणि आपल्याला नाही, हे कसं चालेल? मग तिचेही शिवले. मोठे, मध्ये तीन पदरी पट्टी घातलेले. कारण धाकट्याचं काम थेंबाथेंबाचं, आणि थोरलीचं म्हणजे धरणाचा दरवाजा उघडल्यासारखं.

तीन दिवस छान गेले. कापड ओलं झालं की लगेच कळायचं, लगेच बदललं जायचं. लाली कणभर उतरली. पण धुणं? दोघांचे मिळून दिवसाला पंचवीस-तीस. बायको बादलीपाशी वाकायची आणि टाके ओढले की भिंतीला धरून उभी राहायची. कडकराव बादली ओलांडून कामाला जायचा. चौथ्या दिवशी ती म्हणाली, "अहो, साऱ्या गावाचं धुता. आपल्या दोघांचं कुणी धुवायचं?"

त्यानं सांगायला सुरुवात केली की ते काम वेगळं आणि हे वेगळं, गॅलरीत बसून लंगोट चोळताना कंडक्टरनं बघितलं तर काय म्हणेल. बायकोनं पायानं बादली त्याच्यापुढं सरकवली. नुसती बघत राहिली. बायको बडबडते तोवर ठीक असतं, ती गप्प झाली की गडी हलतो. लॉन्ड्रीत धुऊन आणतो म्हणाला.

आणि आणलेही! डब्याच्या पिशवीत लंगोट, वर डबा, म्हणजे कुणाला संशय नको. जेवणाच्या सुट्टीत सगळे बाहेर गेले की बारक्या मशीनमध्ये टाकायचे. आता लपून करत असला तरी हात कारागिराचा. त्यानं त्या लंगोटांना हॉटेलच्या टॉवेलांचा थाट दिला. शेवटच्या पाण्यात कापड मऊ करणारं सॉफ्टनर, एक माप पुरतं तिथं दोन. वर कडक इस्त्री. संध्याकाळी त्यानं ते घडीवर घडी रचून बायकोपुढं ठेवले तेव्हा तिनं एक गालाला लावून बघितला. सायीसारखा मऊ, वर फुलांचा वास. बरं वाटलं तिला. एवढं तरी केलं माणसानं.

दुसऱ्या दिवसापासून घोटाळा सुरू झाला. लंगोट बांधावा, आणि सगळं मांडीवरून खाली. कापड वरून कोरडं, पोर मात्र भिजलेलं. थोरली चालेल तिथं मागं ओघळ. गादी ओली, चटई ओली. कडकराव म्हणाला, तुझी गाठ सैल पडते. तिनं घट्ट बांधले, तर पोटाला वळ उठले. तिनं दोन-दोन बांधले, तर पोर फेंगडं झालं आणि तरी ओघळ होताच. तो रोज आणखी नेटानं धुवायचा, आणखी मऊ करायचा, आणि रोज गळती वाढायची. उतरलेली लाली परत चढली. नर्स यायला पाचच दिवस उरले.

त्या सकाळी बायको म्हणाली, "मला कापड जमत नाही. डायपर आणा परत." रडत नव्हती. हरलेली दिसत होती, आणि ते रडण्याहून वाईट.

तो खाली मान घालून बूट चढवत होता. तेवढ्यात थोरली पाण्याचा पेला घेऊन आली आणि तो नेमका इस्त्री केलेल्या लंगोटांच्या थप्पीवर उलटा केला. तो ओरडणार, पण ओरडायचं विसरला. पाणी कापडात गेलंच नाही. थेंब वर तसेच उभे, अळवाच्या पानावर राहतात तसे. थोरलीनं बोट लावलं तर एक थेंब गडगडत दुसऱ्याला जाऊन मिळाला. ती खुदकन हसली आणि पुन्हा बोट लावलं.

कडकराव एका पायात बूट घालून गुडघ्यावर बसला. अकरा वर्षं कापडात काढली, पण असं कापड त्यानं बघितलं नव्हतं. स्वयंपाकघरातलं पुसायचं फडकं आणलं, त्यावर थेंब टाकला. गट्ट. बायकोनं हातानं धुतलेला एक जुना लंगोट खुंटीला होता, त्यावर टाकला. गट्ट. आपल्या इस्त्रीच्या लंगोटावर टाकला, तो तसाच डोळे वटारून बसला. चादर तीच, कात्री तीच, बाई तीच. मग मधे काय झालं?

त्या दिवशी तो लंगोट डब्याखाली न लपवता हातात घेऊन कामावर गेला. कुतूहलापुढं लाज मागं पडते, असं होतं माणसाचं. सरळ मावशीपुढं गेला. मावशी म्हणजे लॉन्ड्रीतली सगळ्यात जुनी बाई, आलेलं कापड निवडून वेगळं करणारी. तीस वर्षं लोकांच्या चादरी चाळल्यामुळं तिला माणसांचं काही नवल उरलं नव्हतं. तिनं लंगोट नाकाला लावला आणि विचारलं, किती घातलंस सॉफ्टनर?

त्यानं सगळं सांगून टाकलं, पाच दिवस डब्याखालून आणले, रोज दोन मापं घातली, आणि बायकोनं हातानं धुतलेला मात्र पाणी पितो. मावशीनं कपाळावर हात मारून घेतला. मग भिंतीवरच्या पाटीकडं बोट केलं. त्यावर मोठ्या अक्षरात लिहिलेलं, दवाखान्याच्या कापडाला सॉफ्टनर नाही.

"ही पाटी कधीपासून वाचतोस?"

"अकरा वर्षं."

"आणि का, हे एकदा तरी विचारलंस?"

नव्हतं विचारलं. मग तिनं समजावून सांगितलं. तो मऊपणा म्हणजे धाग्यावर बसलेला लेप. तेल लावलेल्या हातावर पाणी थांबतं का? तसंच हे. रोज घातलास, थरावर थर बसले. दवाखान्यातलं कापड टिपण्यासाठी असतं, गालाला लावायला नव्हे. लंगोटाचंही तेच.

कडकराव म्हणाला, आधी सांगितलं असतंस तर. आणि इथं मावशीचा आवाज बदलला.

"आधी दाखवलं असतंस तर सांगितलं असतं. पाच दिवस डब्याखाली लपवून आणलेस. चोरीचा माल होता का? पहिल्या दिवशी चारचौघांत मशीनमध्ये टाकले असतेस तर मी तिथंच तुझा हात धरला असता. तुझ्या पोराला सॉफ्टनर बाधला नाही, बाबा. तुझी लाज बाधली."

त्यानं हातातल्या लंगोटाची घडी मोडून परत घातली.

"आणि तुझ्या बायकोला हे कसं नीट धुता येत होतं, माहितीय?" मावशी हातातली चादर झटकत म्हणाली. "तीच धुवायची, तीच बांधायची, तीच बदलायची. कापड काय करतंय ते तिच्या हाताला कळत होतं. तू फक्त घडी करून देणारा."

मग तिनं उपाय सांगितला. गरम पाण्यात नुसतेच घोळायचे, साबणाचं नाव नाही. पाण्याला फेस येईल, तो आतला लेप. फेस यायचा थांबेपर्यंत पाणी बदलत राहायचं. उन्हात वाळवायचे, इस्त्री बंद. आणि खात्री करायची थेंब टाकून.

दुसऱ्या दिवशी सुट्टी होती. भर सकाळी कडकरावानं गॅलरीत पाट मांडला, दोन बादल्या घेतल्या, बाह्या सरसावल्या. शेजारच्या गॅलरीत कंडक्टर दात घासत उभा. ब्रश तोंडातच राहिला.

"काय कडकराव, सुट्टीला पण ओव्हरटाइम?"

कान तापले त्याचे, खोटं कशाला सांगा. पण हात थांबला नाही. म्हणाला, "लेकरांचे लंगोट आहेत. तुझ्या घरचे असतील तर टाक, शिकवतो." कंडक्टर हसत आत गेला.

पहिल्या पाण्याला इतका फेस आला की थोरलीनं त्याची दाढी लावून घेतली. दुसऱ्याला कमी, पाचव्याला नावापुरता, सहाव्याला पाणी नितळ. उन्हं वर आली तशी दोरीवर दोन रांगा लागल्या. त्यानं लॉन्ड्रीतल्यासारख्या दोऱ्याच्या खुणा घातल्या होत्या, थोरलीच्या लाल आणि धाकट्याच्या निळ्या, म्हणजे घाईत कुणीही उचलावं, चूक होऊ नये. कापड वाळेल तसं थोरली पेल्यात बोट बुडवून एकेकावर थेंब सोडायची, नाक टेकवून बघायची, आणि मग बापाकडं वळून गंभीरपणे निकाल द्यायची. "प्यालं."

आत बायको धाकट्याला उघडा ठेवून खुर्चीत टेकून बसली होती. हातात चहाचा कप. बाळंतपणानंतर पहिल्यांदा तिनं चहा गरम असताना प्यायला. कडकराव दारात आला, ओल्या हातांनी पाठमोरा उभा राहिला आणि दोरीकडं बघत बोलला. म्हणाला, गाठ तुझी सैल नव्हती. मीच चुकलो. आता हे रोज मी करणार, इथंच, गॅलरीत.

बायकोनं कप खाली ठेवला. "बदलायला पण शिकाल?"

तो आत आला, बसला, आणि तिकोनी घडी घालायला लागला. चादरीच्या कोपऱ्याला कोपरा जुळवणारा माणूस, पण पहिला लंगोट असा बांधला की धाकट्यानं पाय झाडला आणि तो गळ्यापाशी आला. बायको हसता हसता टाके धरून बसली.

नर्स ठरल्या दिवशी आली. धाकट्याला उलटापालटा करून बघितलं. चारच दिवस झाले होते, अजून गुलाबी होतं, पण लालभडक गेलं होतं, आणि हात लावला तरी पोर ओरडलं नाही, उलट जांभई दिली. मोठ्या डॉक्टरकडं नको, म्हणाली, असंच चालू द्या. आणि दोरीकडं बघून विचारलं, एवढ्या नीट रांगा कुणी लावल्या? बायकोनं नुसती हनुवटी उचलून नवऱ्याकडं दाखवलं.

त्याच संध्याकाळी कंडक्टर दारात उभा. हातात जुन्या चादरींची पिशवी, नजर जमिनीकडं. त्याच्या बहिणीचं बाळंतपण जवळ आलं होतं. हळू आवाजात म्हणाला, ते फेसाचं आणि थेंबाचं जरा सांगतोस का. कडकरावानं त्याला गॅलरीत नेलं, दिवा लावला आणि मोठ्या आवाजात सांगितलं, समोरच्या चारही घरांना ऐकू जाईल असं.

तर मंडळी, आपल्या घरी कापड असो की विकतचं, ते तुमचं तुम्ही ठरवा. पण ओलं झालेलं लेकरू ज्याला दिसेल त्यानं उठावं, आणि ज्याला हात आहेत त्यानं धुवावं. लपून केलेली मदत ही कडकरावाच्या पहिल्या लंगोटांसारखी असते. घडी झकास, हाताला मऊ, वास फुलांचा, पण घरचा एक थेंबही टिपत नाही. आपली मदत कोणत्या जातीची, ते बघायचं असेल तर सोपं आहे. घरच्या बाईचा चहा गरम असताना पिऊन होतो का, तेवढं बघा.