छपरांवरची राख

"कोंबडा पाळीव प्राण्यांत येत नाही, आते," तेरियो मागसिनो थोरल्या बहिणीला म्हणावं तसं 'आते' म्हणत, जमेल तितक्या शांतपणे म्हणाला. "नियमात कुत्रा आहे, मांजर आहे."

"मग माझा कोंबडा काय भाडेकरू आहे?" कोंबड्या पाळणाऱ्या पासिंग मारासिगाननं विचारलं, आणि क्लबहाउसमधली सगळी माणसं हसली.

रविवारची दुपार होती. चर्चमधून येऊन, जेवून लोक सोसायटीच्या सभेला बसले होते. सभा म्हणजे तेरियोनं बोलायचं आणि बाकीच्यांनी जांभया द्यायच्या. चेअरमन व्हायला दुसरं कुणी तयार नव्हतं, म्हणून तो चेअरमन होता. पुढच्या अंगणात वाळत घातलेले कपडे, वाढलेली कुंपणं, पोपडे आलेली फाटकं काही म्हणून त्याच्या नजरेतून सुटत नसे. सगळे त्याला 'कुया', म्हणजे दादा, म्हणत. तो फेरीवर निघाला की बायका एकमेकींना सांगत, "कुया तेरियो आला, चड्ड्या आत घ्या."

उभी हयात त्यानं मालवाहू बोटींवर काढली होती, शेवटी सारंग, म्हणजे खलाशांचा मुकादम, म्हणून. डेकवरचा गंज खरवडायचा, रंग द्यायचा, रंग पूर्ण होईतो पहिल्या टोकाला पुन्हा गंज धरायचा. परक्यांच्या बोटी घासूनपुसून मिळवलेल्या पैशांतून त्यानं फिलिपिन्समधल्या तागायतायच्या डोंगरावर, या कॉलनीत घर घेतलं. कायमचा घरी आला, आणि दुसऱ्याच वर्षी बायको गेली. बेलेन गेल्यापासून तो जास्तच कॉलनीभर फिरू लागला.

"नोटीस पाठवा," पासिंग म्हणत होती. "आधीच्या नोटिशींवर कोंबड्या अंडी घालताहेत, आणखी एक चालेल."

तेवढ्यात खिडक्यांच्या काचा थरथरल्या. म्हातारा वॉचमन आत आला. त्याची टोपी हातात होती.

"कुया," तो म्हणाला, "जरा बाहेर या."

सगळेच बाहेर आले. खाली ताल सरोवराच्या मधोमध, जिथं तो ज्वालामुखीचा बुटका डोंगर नेहमी निमूट बसलेला असायचा, तिथून एक पांढरा खांब वर चढत होता. घाई नाही, आवाज नाही. आतून उकळत, फुगत, स्वतःवरच चढत तो ढगांच्या वर गेला, तरी चढतच राहिला. कुणीतरी फोन वर धरला आणि थोड्या वेळानं आपणहून खाली घेतला. तेरियोच्या हातातला नियमांचा कागद तसाच उघडा राहिला होता.

संध्याकाळपर्यंत खांब काळा झाला. त्याच्या पोटात विजा वळवळू लागल्या, पाऊस नसलेल्या, लालसर. मग राख आली. आधी पत्र्यावर वाळू टाकल्यासारखा आवाज, नंतर काहीच आवाज नाही.

रेडिओवरून सगळ्यांना निघायला सांगितलं. गाड्या काचांवरची राख पुसत रांगेनं फाटकाबाहेर पडल्या. तेरियो प्रत्येक दारात जाऊन गॅस बंद केला का, मेन स्विच काढला का, विचारत होता.

"आणि तुम्ही, कुया?" वॉचमननं विचारलं.

"मी कुलपं बघतो. तू जा, बायको घाबरली असेल."

उजाडलं तेव्हा जगाला रंग उरला नव्हता. केळीची पानं मोडून पडली होती. नारळ, तारा, रस्ता, सगळं एकाच करड्या मातीचं केल्यासारखं. पक्षी नव्हते. तेरियो आपल्याच फाटकात उभा राहिला आणि आपण कुठे आहोत हे त्याला क्षणभर कळेना. इतक्या वर्षांत एवढी शांतता त्यानं भर समुद्रातसुद्धा ऐकली नव्हती.

मग शेजारचं छप्पर करकरलं.

त्यानं मूठभर राख उचलली. ओलसर सिमेंटसारखी जड होती. ईशान्येकडून ढग येत होते. यावर पाऊस पडला, तर एकही पत्रा तग धरणार नव्हता. तो घरात गेला. खराटा, फावडं, दोर आणि शिडी घेऊन बाहेर पडला.

दुसऱ्या छपरावर असताना खालून आवाज आला.

"चेअरमनसाहेब, पडलात तर उचलायला कुणी नाही हां."

पासिंग. तोंडाला ओला टॉवेल, डोक्यावर पातेलं.

"तुम्ही गेला नाहीत, आते?"

"कोंबड्या कुठे नेऊ? बहिणीच्या फ्लॅटमध्ये?" तिनं शिडीला पाय लावला. "तिथेपण चेअरमन आहे."

त्या दिवसापासून ती शिडी धरायची, तो कमरेला दोर बांधून वर चढायचा. दोराचं दुसरं टोक ती खांबाला गुंडाळून धरून ठेवायची. ज्या घरातल्यांशी त्याचं वर्षभर बोलणं नव्हतं, त्यांचंही छप्पर त्यानं झाडलं. पन्हळी हातानं मोकळ्या केल्या. रात्री दोघं तिच्या ओसरीवर अंडी-भात खायची आणि खोकत राहायची.

"लोकांना काय कळणार आहे?" एकदा ती म्हणाली. "येतील नि म्हणतील, बघा, आपली घरं किती मजबूत."

"म्हणू देत."

क्लबहाउसच्या छपरावर तीही चढली. तिथून सरोवर दिसत होतं, म्हणजे सरोवराच्या जागी वाफ दिसत होती. मधला डोंगर पार खचून गेला होता आणि त्या फुटक्या तोंडातून वाफेचा खांब आकाशात उभा होता. पासिंगनं छातीवर क्रूसाची खूण केली.

"मी लाटा बघितल्यात," तेरियो म्हणाला. "अख्खं डेक बुडवणाऱ्या. बोट पानासारखी उचलणाऱ्या. वाटायचं, आता घाबरण्यासारखं काही राहिलं नाही."

"आणि आता?"

"आता पायातलं काढून उभं राहावंसं वाटतंय."

पावसाचे ढग डोंगरावर टेकले, तेव्हा दोनच घरं उरली होती, तिचं आणि त्याचं. त्यानं शिडी तिच्या भिंतीला लावली.

"तुझं आधी कर, तेरियो," ती म्हणाली.

"तुमचा पत्रा जुना आहे."

निम्मं छप्पर झाडून झालं आणि पाऊस आला. तो घाईनं राख ढकलू लागला. तेवढ्यात पलीकडच्या गल्लीतून दबका, जड आवाज आला, जसा कुणी ओल्या वाळूचं पोतं खाली टाकावं. तेरियोचा हात थांबला.

"तुझ्याकडून आला," पासिंग खालून म्हणाली.

"हो," तो म्हणाला, आणि पन्हळीत अडकलेला गोळा पायानं ढकलू लागला.

लोक परतले तेव्हा पाऊस कधीच सरला होता. गाड्या फाटकातून आत आल्या आणि रस्त्यातच थांबल्या. माणसं उतरून वर बघत राहिली. राखेच्या माळावर घरामागून घर उभं होतं आणि एक सोडून प्रत्येकाचं छप्पर स्वच्छ होतं. कुणी केलं, ते पासिंगनं सांगितलं. तिनं ते ओरडून सांगितलं नाही.

वॉचमननं कुठूनतरी नवी ताडपत्री पैदा केली आणि चार-पाच जण तेरियोच्या घरी गेले. वरच्या झोपायच्या खोलीचं छप्पर कोसळलं होतं. पलंगावरची राख त्यानं काढली होती, फरशी धुतली होती, मोडके वासे एका कोपऱ्यात नीट रचले होते. वरचं भगदाड मात्र तसंच होतं. तो पलंगाच्या कडेवर बसला होता.

"आत्ता लावून टाकतो, कुया," वॉचमन म्हणाला. "अर्ध्या तासाचं काम."

"दोन दिवस राहू दे."

"पाऊस आला तर?"

"येऊ दे." मग त्यांना बसायला जागा नाही हे ध्यानात येऊन तो संकोचला. "घर घेतलं तेव्हा सरोवराकडची घरं आपल्याला झेपणारी नव्हती. बेलेन म्हणायची, तागायतायला राहतो आणि डोंगर बघायला क्लबहाउसपर्यंत जावं लागतं." त्यानं भगदाडाकडे हात केला. "ती इकडच्या बाजूला झोपायची. बसा इथे. इथून बरोबर दिसतं."

वॉचमन बसला. मोडक्या वाशांमधून निळं आकाश दिसत होतं आणि त्यात, दूरवर, वाफेचा पांढरा खांब सरळ उभा होता. हळूहळू वर जात होता आणि वर गेल्यावर विरत होता.

वॉचमननं ताडपत्री मांडीवरून खाली ठेवली. दारात उभ्या असलेल्यांनी चपला काढल्या आणि एकेक जण आत आला.