डोंगराची अकरा पावलं

नाट्यगृहात त्याला सगळे 'डोंगर' म्हणत. वर्षापूर्वी वजन कमी करायचं पोटाचं ऑपरेशन झालं, साठ किलो उतरले, पण नाव काही उतरलं नाही. उलट आता हाक मारताना लोक जास्तच हसत. वाकून स्वतःच्या बुटांची नाडी स्वतः बांधण्यात काय सुख असतं, ते तो भेटेल त्याला ऐकवायचा.

जन्मभर घ्यायच्या जीवनसत्त्वांच्या गोळ्या मात्र त्याने केव्हाच सोडल्या होत्या. त्या घेतल्या की मळमळायचं. तपासण्यांनाही दांडी मारली. बायको मागे लागली की म्हणायचा, "अगं, मी आजारी आहे का आता? बघ तरी माझ्याकडे!" ती बघायची आणि विषय सोडून द्यायची. नवरा खरोखरच झकास दिसायला लागला होता.

चार महिन्यांपासून त्याला अंधारात दिसेनासं झालं होतं. उजेडात सगळं ठीक, दिवे गेले की डोळ्यांपुढे नुसता काळोख. डोळे वाळू गेल्यासारखे खुपायचे. हा गडी कुणाला सांगेल तर शपथ! पडद्यामागच्या माणसाला अंधारात दिसत नाही हे कळलं, तर उद्या तिकीट खिडकीवर बसवतील, ही त्याची भीती. भिंती चाचपत त्याने वेळ मारून नेली.

आणि वर्षभर बंद असलेलं जुनं नाटक पुन्हा लागलं. त्यात दुसऱ्या अंकात दिवे जातात, डोंगर लाकडी जिना ढकलत नेऊन उंच चौथऱ्याला लावतो आणि लाकडावर दोनदा टकटक करतो. टकटक म्हणजे, या, जिना जागेवर आहे. मग वर उभ्या असलेल्या बाई, म्हणजे नाटकाची नायिका, खाली न बघता उतरतात. बावीस वर्षं हे असंच चालत आलेलं. जिन्याची जागा दाखवायला जमिनीवर अंधारात चमकणारी पट्टी असे. ती चिकटवायचं काम डोंगराच्या मेहुण्याचं.

दिवे गेले. पट्टी दिसेना. पण जुनं माप त्याला तोंडपाठ होतं. विंगेपासून चौथऱ्याच्या कडेकडेने अकरा पावलं. त्याने अकरा मोजली, जिना लावला, टकटक केली.

ती अकरा पावलं जाड्या डोंगराची होती, मांडीला मांडी घासत टाकलेली. हलक्या माणसाचं पाऊल लांब पडतं, हे त्याच्या ध्यानातच आलं नाही. जिना दोन हात पुढे गेला. बाईंनी नेहमीच्या जागी पाय टाकला, तिथे काहीच नव्हतं.

बाईंचं मनगट मोडलं. प्रयोग बंद पडला.

मॅनेजर मेहुण्यावर उखडला. "एक पट्टी धड लावता येत नाही तुला? उद्यापासून तोंड दाखवू नकोस!" मेहुणा मान खाली घालून उभा. डोंगराने तोंड उघडलं नसतं तरी चाललं असतं. क्षणभर त्याने उघडलंही नाही, आणि त्या क्षणाची त्याला पुढे कायम लाज वाटली.

"साहेब, पट्टी जागेवरच होती. मला दिसली नाही. मला अंधारात काहीच दिसत नाही."

खुर्चीत बसलेल्या बाईंनी मान वर केली. "कधीपासून?"

"चार महिने झाले."

"दिसत नव्हतं," त्या हळूच म्हणाल्या, "आणि तरी टकटक केलीस?"

दुसऱ्या दिवशी तो डॉक्टरांकडे गेला.

डॉक्टरांनी त्याची चांगलीच खरडपट्टी काढली. "या ऑपरेशननंतर खाल्लेल्यातलं अ जीवनसत्त्व अंगी लागत नाही. गोळ्या काय शोभेच्या होत्या? आणखी थोडा उशीर केला असतास तर बुबुळाला जखमा झाल्या असत्या." मग इंजेक्शनं झाली, आणि गोळ्या रोज बायकोच्या समोर गिळायच्या असं ठरलं. नजर हळूहळू परत आली.

तीन महिन्यांनी नाटक पुन्हा लागलं. मॅनेजर डोंगराला नको म्हणत होता, पण बाईंनीच त्याला परत घ्यायला लावलं होतं. दिवे गेले. मेहुण्याने लावलेली पट्टी त्याला लख्ख दिसली. त्याने जिना बरोबर लावला, दोनदा टकटक केली आणि वर पाहिलं.

बाई कडेशी थांबल्या होत्या. त्यांनी एक पाय पुढे केला, अंगठ्याने पायरी चाचपली, पुन्हा चाचपली, आणि मगच उतरल्या. अंधारात ते सगळं त्याला स्वच्छ दिसलं.