पाच टिटव्या

शनिवारी सकाळी शेतकरी डाउवेचा फोन आला. दुपारनंतर पाऊस आहे, म्हणून गवत आजच कापणार. रुंद चरापलीकडच्या तुकड्यातली टिटव्यांची घरटी अजून कुणी खुणावली नव्हती. घरट्याशेजारी बांबू रोवलेला दिसला तर डाउवे तेवढी जागा सोडून यंत्र फिरवतो. नाही दिसला तर अंडी गेली.

हे काम माझ्या वडिलांचं. साठ वर्षं ते लाकडी काठी टेकवून चर ओलांडत आले. आधी अंडी गोळा करायला आणि बंदी आल्यापासून ती वाचवायला. मार्चमध्ये त्यांच्या खुब्याचं ऑपरेशन झालं.

"हाइटनी उडी मारायची नाही," मी निघतानाच सांगितलं. हाइट म्हणजे वडील; त्यांच्याशी आम्ही असं तिसऱ्या पुरुषातच बोलतो.

"मी नुसता बघायला येतोय," ते म्हणाले. काठी मात्र त्यांनी आधीच गाडीच्या टपावर बांधली होती.

उडी मारणार होती माझी सोळा वर्षांची मुलगी, रिक्स्ट. तिची काठीउडी क्लबातली. बारा मीटरची कार्बनची काठी पाण्यात उभी असते; ती धावत जाऊन पकडायची, झरझर वर चढायचं आणि पलीकडच्या वाळूत उतरायचं. गेल्या हंगामात ती मुलींमध्ये तिसरी आली होती. वडिलांना ती सर्कस वाटते.

"पाके, एवढासा चर तर क्लबात लहान मुलांना देतात," चराकाठी उभी राहून ती आजोबांना म्हणाली.

"मग मार की," आजोबा म्हणाले.

तिने आजोबांची काठी चराच्या मधोमध टेकवली, झेप घेतली आणि तिचे हात सवयीने वर चढू लागले. काठी सरळ उभी राहिली, थांबली आणि सावकाश मागे आली. रिक्स्ट कमरेइतक्या काळ्या पाण्यात पडली.

"वर झेंडा लावायचा होता का गं?" वडिलांनी विचारलं.

मी शाळेत भौतिकशास्त्र शिकवते. "वजन जितकं वर नेशील तितकी काठी..."

"मेम, आत्ता नको!" आमच्याकडे आईला मेम म्हणतात.

पलीकडच्या कोपऱ्यात ट्रॅक्टर सुरू झाला. वळसा घालून जायला पाऊण तास लागला असता. वडिलांनी खिशातून रुमाल काढून तिला दिला. आता ते चेष्टा करत नव्हते.

"टिटवी घरट्यावरून उडत नाही. आधी पाच-सहा पावलं पळते, मग उडते. पळायला सुरुवात केली ती जागा धरून ठेव. उडीतही नजर तिथून हलवायची नाही. हात राहू देत जिथे आहेत तिथे."

ती दुसऱ्यांदा धावली. पलीकडे पक्षी ओरडत उठले. या वेळी हात चढले नाहीत. ती गुडघ्यांवर उतरली आणि न थांबता थेट गवतात शिरली. पाठीवरच्या जुडीतला एक बांबू रोवला, मग दुसरा. वीस मिनिटांत चार झाले.

"झालं!"

"पाच उठल्या," वडील ओरडले.

"चारच आहेत, पाके!"

"पाच!"

ते काठावर सरकले. मी त्यांची बाही धरली. यंत्र आता फक्त दोन पट्ट्यांच्या अंतरावर आलं होतं. रिक्स्टने आजोबांकडे पाहिलं आणि ट्रॅक्टरसमोर जाऊन दोन्ही हात वर केले. डाउवेने इंजिन बंद केलं, टोपी मागे सरकवली आणि सँडविच काढलं.

ती ओणवी होऊन गवत चाचपत परत चरापर्यंत आली. पाचवं घरटं तिच्याच उतरण्याच्या खुणेपासून दीड हातावर होतं. तीन अंडी, टोकं आतल्या बाजूला. तिने शेजारी बांबू रोवला. पाऊलभर चुकली असती तर अंड्यांवरच उतरली असती.

ती सहज उडी मारून परत आली आणि तिने काठी आजोबांपुढे धरली. त्यांनी तळाच्या चकतीवरचा चिखल अंगठ्याने पुसला, पण काठी घेतली नाही.

"गाडीवर बांध," ते म्हणाले. "आणि दोरी घट्ट आवळ. सोमवारी मागचा तुकडा आहे."

"सोमवारी क्लब असतो."

"किती वाजता?"

"संध्याकाळी सात."

"मग आपण पाचला निघू, सातच्या आत होईल."